बाथरूमचं दार आणि मी

५ मार्च, बुधवार. सकाळी ७.१०
आजपासून हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही. सोडायची सवय कायमची सोडली. बायको म्हणाली, म्हणजे पुन्हा सोडण्यापासूनच सुरुवात. दुर्लक्ष केलं.

कारण लिहून ठेवतो. काल सासूबाईंचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. त्यांनी विचारलं, तुझा अर्धवट काय म्हणतोय? बायकोने घाईघाईने स्पीकर बंद केला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की त्यांचा रोख माझ्या कामांवर असणार, डोक्यावर नाही. गिटार तीन सुरांवर थांबली. पोहण्यात हात आले, पाय राहिले. फ्रेंचमध्ये सोळापर्यंत मोजता येतं, पुढचं फारसं लागतही नाही.

सासूबाई तेवीस तारखेला आठ दिवसांसाठी येणार आहेत. तोवर हा शब्द त्यांच्या तोंडातून गेला पाहिजे.

काम निवडलं: बाथरूमचं दार. खाली घासतं, बंद करताना घरभर किंचाळतं. काढायचं, खालची कड तासायची, परत लावायचं. एका रविवारचा खेळ.

९ मार्च, रविवार. दुपारी १२
दार काढलं! सहा स्क्रू, वीस मिनिटं. स्वतःचाच हेवा वाटला. दार गॅलरीत उभं केलं, चौकटीला चादर लावली. मग कळलं, घरात रंधा नाही. यात माझा दोष नाही.

१० मार्च, सोमवार
रंधा आणला. तो कसा धरावा यावर एक व्हिडिओ पाहिला, मग त्याच माणसाचे आणखी अकरा. आता या विषयात मला सुताराइतकं कळतं. रंधा अजून खोक्यात.

१३ मार्च, गुरुवार
घरात नवा नियम. चादरीमागे असणाऱ्याने गात राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. लेकीला गाणी येत नाहीत, ती पाढे म्हणते. सतराच्या पाढ्याला बाहेरून मदत करावी लागते. बायको गात नाही, आतून माझ्याबद्दल मोठ्याने बोलते. नियमात बसतं.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ५
रंधा मारला. लोण्यासारखी कड झाली. बोटभर लाकूड गेलं असेल.

संध्याकाळी ५.४०
आत्ता लक्षात आलं, तासली ती वरची कड. गॅलरीत दार सरळ उभं होतं आणि वाकून काम करायला माझी कंबर तयार नव्हती, त्यामुळे वरची कड हाताशी आली. लेकीने विचारलं, बाबा, दार वर पण घासायचं का? हल्लीची मुलं फार प्रश्न विचारतात.

२० मार्च, गुरुवार
बायकोने परस्पर सुताराला बोलावलं. त्याने दार पाहिलं, मग मला पाहिलं, मग परत दार पाहिलं. म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे. मी त्याला परत पाठवलं. हे काम माझं आहे आणि मीच संपवणार.

तो गेल्यावर बायको ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, माझी आई चादरीमागे बसून गाणार नाही. तेवीस तारखेला दार नसेल तर लेकीला घेऊन मी आईबरोबर तिच्याकडे जाते, मग बसा तुम्ही गात.

घाबरलो. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. ती ओरडते तेव्हा मला काही होत नाही, हळू बोलली की मी दिवस मोजायला लागतो.

२२ मार्च, शनिवार. दुपारी ३
सुचलं! वरची कड तासली आहे ना, मग दार उलटं लावायचं. वरचं खाली.

संध्याकाळी ६.१५
लागलं! हूं की चूं नाही. बायकोने तीनदा उघडून बंद केलं आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मलाच भरून आलं. लेकीने टाळ्या वाजवल्या.

एक बारीकशी गोष्ट. उलटं करताना आतली बाजू बाहेर आली, त्यामुळे कडीही बाहेर आली. पण कडी आहे हे महत्त्वाचं. गाण्याचा नियम रद्द केला.

२३ मार्च, रविवार. दुपारी १
सासूबाई सकाळी आल्या. दाराकडे बघून चष्मा पुसला आणि परत बघितलं. कौतुकच म्हणायचं.

साडेदहाला बायको लेकीला क्लासला घेऊन गेली. मी भाजी आणायला निघालो, तर बाथरूमची कडी उघडीच. हल्ली दिसलेलं काम पूर्ण करायची सवय लागली आहे. कडी लावली आणि गेलो. भाजीवाल्याला दाराची सगळी हकिकत सांगितली, त्यामुळे यायला बारा वाजले.

सासूबाई आत होत्या. त्या गात नव्हत्या, त्यामुळे मला कळायला काही मार्गच नव्हता.

बाहेर आल्या, घोटभर पाणी प्यायल्या. बायको परतल्यावर तिला म्हणाल्या, जावईबापूंना अर्धवट म्हणत होते ते चुकलंच माझं, पूर्ण आहेत.

गेला एकदाचा तो शब्द! बायकोने तोंडावर पदर का दाबला, कळलं नाही.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ११
सुतार आला. दार सुलट केलं, वर पट्टी ठोकली, खालची कड तासली. अठ्ठावीस मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. त्यातली दोन मला बाजूला व्हा सांगण्यात गेली.

बायको कुठेही जात नाही. मात्र अट घातली: यापुढे घरातलं कोणतंही काम सुरू करणार नाही, असं लिहून द्यायचं. साक्षीदार म्हणून सासूबाई सही करणार. मी तत्काळ कागद घेऊन बसलो. अशा बाबतीत चालढकल नको.

‘मी, खाली सही करणारा,’ इथपर्यंत झालं आहे. सुरुवात झकास जमली. उरलेलं रविवारी, निवांत.