जिन्याखालच्या तीन कमानी

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला काही लिहितेय. नौपाड्यातल्या ऑफिसात बसलेय, म्हणजे बसवत नाहीये. सकाळपासून तीनदा उगाच खाली जाऊन आले. चहा मागवला, तो गार झाला.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या डागडुजीचं काम आमच्याकडे आलंय. हो, तीच, जिथे तुम्ही गवंडी म्हणून राबलात. मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला तिथे नेलं होतंत. दगडी गोल जिना वळत वळत वर जातोय, रंगीत काचांचा उजेड फरशीवर सांडलाय, आणि मी कमानीवरच्या कोरीव पानांना हात लावते तशी तुम्ही खेकसता, "हात काढ! घामाने डाग पडतो दगडाला." मग जिन्याखालच्या तीन कमानी दाखवून हळूच म्हणालात, "ह्या माझ्या."

त्या कमानींमधल्या फटी भरून झाल्या, त्या संध्याकाळचं डोंबिवलीचं स्वयंपाकघर अजून दिसतं. आई बोंबील तळतेय, तुम्ही ओट्याला टेकलेले, हात धुवायचंही भान नाही. "साहेब म्हणत होता चुनाच भरा. मी म्हटलं, साहेब, पावसाळा तोंडावर आलाय, चुना वाळायचा कधी? सिमेंट भरू, शंभर वर्षं बघायला नको. ऐकलं त्याने माझं!" आई म्हणाली, "बाजूला व्हा, तेल उडेल." तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगितलंत. कुणा साहेबाने तुमचं ऐकल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

परवा मी त्याच कमानींपाशी बांधलेल्या बांबूंच्या परांचीवर चढले. सिमेंट जसंच्या तसं आहे, बाबा. दगड गेलाय. भिंतीत मुरलेलं पाणी पूर्वी चुन्यातून बाहेर पडायचं. सिमेंटने ती वाट बुजवली, मग ते मऊ पिवळ्या दगडातून निघालं आणि दगडाची सालपटं काढत गेलं. ती पानं बोट लावलं की पीठ होऊन गळतात. सोबतचे वयस्कर मिस्त्री म्हणाले, "मॅडम, कोण होता हा? वाट लावली दगडाची."

"असेल कोणीतरी," मी म्हटलं.

घरी येताना शीळफाट्याला बस अडकली आणि माझंच ते वाक्य मला टोचत राहिलं. तेव्हा सगळेच सिमेंट भरायचे, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण साहेबाने सांगितलं होतं ना.

अहवालात लिहिलंय, तिन्ही कमानींमधली चुकीची दुरुस्ती पूर्ण काढून टाकावी. दुपारी त्यावर सही केली. आई अजूनही शेजारणींना सांगते, "आमच्या ह्यांच्या हातचं काम आहे तिथे." तिला काही कळू देणार नाही. हे पत्र तर कुठे पाठवायचंच नाहीये. तुम्ही असतात तर आधी भांडला असतात आणि मग गप्प झाला असतात. ते गप्प होणं मला बघवलं नसतं. खरं सांगू? सही करताना तुम्ही नाही आहात, याचं मला हायसं वाटलं.