आज भाजी काय केली?

बाई, आज पोहण्याच्या टँकवर एका मुलीने मला सगळ्यांसमोर वेड्यात काढलं, आणि घरी येईपर्यंत मला तुमचीच आठवण येत राहिली. कानात काहीतरी घालून पोहत होती. दोनदा विचारलं तरी उत्तर नाही, म्हणून मी कपड्यांसकट उडी मारली. वर काढल्यावर तिने कानातलं काढून दाखवलं आणि म्हणाली, मॅम, मी गाणी ऐकू राहिले होते. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

तुमच्या हाताखालचा माझा तो पहिला उन्हाळा. मी नुकतीच जीवरक्षकाची परीक्षा पास झालेली, कॉलेजातली मुलगी. शिट्टी गळ्यात घालून उंच लोखंडी खुर्चीवर रुबाबात बसायचं, एवढीच माझी कामाची कल्पना. तुम्ही त्या खुर्चीवर कधी बसलाच नाहीत. पंचवटीत लहानाच्या मोठ्या झालेल्या, गंगेवर पोहायला शिकलेल्या, अंगाने भरलेल्या तुम्ही पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून टँकच्या कडेने फेऱ्या मारता आहात. हातात लांब बांबू, आणि तोंड अखंड चालू. महिलांच्या बॅचमधल्या प्रत्येकीला तुमचा एकच प्रश्न: ताई, आज भाजी काय केली? उथळ बाजूच्या आजी मेथी म्हणायच्या, मखमलाबादहून स्कूटीवर येणारी फुलशेतीवाली वांगी म्हणायची, आणि तुम्ही पुढे सरकायच्या. फेरी संपली की पुन्हा पहिलीपासून. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपण जीव वाचवायला आलोय की मंडईत, असं मी एकदा फणकाऱ्याने विचारलंही. तुम्ही रागावला नाहीत. पाण्यावरची नजर न हलवता म्हणालात, "बुडणारा माणूस ओरडत नाही गं. त्याला श्वासच पुरत नाही, तर बोलणार कुठून? जी भाजी सांगते ती ठीक हाय. जी गप्प, तिच्याकडे बघायचं."

त्या बॅचमध्ये बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. छान पोहायच्या, पण केसांना चपचपीत तेल लावून यायच्या. एके दिवशी तुम्ही त्यांना शॉवरखाली परत पाठवलंत, केस धुऊन टोपी घातल्याशिवाय पाण्यात उतरू दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, सरळ खोल बाजूला गेल्या आणि पाठीवर तरंगत राहिल्या. तुम्ही भाजी विचारलीत. उत्तर नाही. पुन्हा विचारलंत, आवाज चढवून. तरीही नाही. बांबू खाली पडल्याचा आवाज मला आला, आणि मी वळून बघेपर्यंत तुम्ही पाण्यात होतात. तुम्ही त्यांना काखेत धरून शिडीपर्यंत ओढत आणलंत. या सगळ्यात त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि पोशाख खांद्यावर उसवला. खोकत खोकतच त्या म्हणाल्या की त्यांना काहीही झालेलं नव्हतं, त्या फक्त तुमच्याशी बोलत नव्हत्या. अख्खी बॅच खो खो हसली. मी खुर्चीवर मान खाली घालून बसले.

दुपारपर्यंत त्यांचा तक्रार अर्ज टँकच्या साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांनी आपल्या दोघींना बोलावलं. माफी लिहून द्या आणि ही बडबड बंद करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. महिलांच्या बॅचला अनुभवी बाईच लागते, माझ्यासारख्या नवख्या मुलीवर ती चालणार नव्हती. म्हणजे तुम्ही गेलात की बॅच बंद, हे तिघांनाही माहीत होतं. तुमच्या वेणीतून साहेबांच्या फरशीवर पाणी ठिबकतंय. मी मनात म्हणतेय, बाई, द्या ना लिहून, काय जातंय.

"जोरात ओढलं, पोशाख फाटला, त्याची माफी मागते," तुम्ही म्हणालात. "उडी मारली त्याची नाही मागणार. त्या उद्या गप्प राहिल्या तर उद्याही मारीन."

तुमचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला. साहेब पेनाला टोपण लावत म्हणाले, त्या बाई उद्या काय म्हणतात ते बघू.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाई आल्या. शॉवर घेतला, टोपी घातली, शिडीवरून कमरेइतक्या पाण्यात उतरल्या आणि तिथेच थांबल्या. तुम्ही काही विचारायच्या आधीच, तुमच्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "गवार."

"दाण्याचा कूट घातला का?" तुम्ही विचारलंत.

"घातला."

आणि तुम्ही पुढच्या बाईकडे सरकलात. अर्ज त्यांनी मागे घेतल्याचं मला नंतर कळलं. तुम्ही त्यावर कधी एक शब्द काढला नाहीत, त्यांच्याबद्दल कुचकं तर नाहीच नाही. मी मात्र त्या दिवशी खुर्चीवरून उतरले ती कायमची.

तुम्हाला जाऊन कितीतरी उन्हाळे झाले. बॅच चालू आहे आणि फेऱ्या आता मी मारते. हल्लीच्या मुली भाजी केली नाही, पार्सल मागवलं म्हणून सांगतात. तेही चालतं, आवाज आला म्हणजे झालं. आजच्या मुलीलाही मी सांगितलं की उद्या गप्प राहिलीस तर उद्याही उडी मारीन. बोलताना आवाज आपोआप हळू झाला.

हे पत्र मी कुठे टाकणार, बाई. फक्त एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. संध्याकाळी बॅच सुटली, पाणी स्थिर झालं की मी कडेला उभी राहून तुम्हाला विचारते, बाई, आज भाजी काय केली? उत्तर येत नाही. आणि वेड्यासारखा दर वेळी माझा पाय पाण्याकडे पुढे सरकतो.