मी कोणत्या व्हिसात बसतो?

प्रिय बाबा,

तुम्ही नागपूरला घर विकायला गेलात आणि मी इकडे बंगळुरूत, व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये, ऑफिसच्या कॅबमध्ये बसून हे लिहितेय. पाठवणार नाहीये. फोनच करायला हवा.

नेदरलँड्सला जायचे माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. कंपनीने बदली केली तर एक व्हिसा, तिथली नवी नोकरी धरली तर दुसरा. दोन्हींचे नियम पुन्हा पुन्हा वाचले, वकिलालाही विचारलं. नवरा येऊ शकतो, तुमचा नातू वेदांत येऊ शकतो. वडिलांना मात्र पाहुणे म्हणून तीन महिने, मग परत.

तुम्ही विचारलं होतंत, "शुभे, मी कोणत्या व्हिसात बसतो गं?" मी म्हटलं, "बघते, बाबा." तुम्ही तोच होकार धरलात.

बंगळुरूला आलात तेव्हा महिन्याभरात भाजीवाल्या अक्काशी कन्नडमध्ये "स्वल्प कम्मी माडी", थोडं कमी करा, म्हणत घासाघीस करायला लागलात. आता मोबाइलवर डच शिकताय. "तिकडे भाजी कोण आणणार? तुला वेळ असतो का?"

आज सकाळी फोनवर विचारलंत, तिकडच्या थंडीला आईची शाल पुरेल का. मी म्हटलं, "बघते."

उद्या रजिस्ट्री आहे. सही करू नका, बाबा. आम्ही गेलो की तुम्हाला तेवढंच एक घर उरणार आहे.

तुमची,
अजून "बघते"च म्हणणारी
शुभदा