मोतीला एकट्याला सोडावं की कळपात?

बोरी अरब, मंगळवार

आदरणीय राजदीपभाऊ,

तुमच्या जावयाचा सप्रेम जयभीम. केळापूरला सगळे खुशाल असाल, वहिनींचे गुडघे आता जिना चढू देत असतील, असं धरून चालतो. इकडे तुमची बहीण शीला मजेत, मी मजेत आणि घोडे तर फारच मजेत. फोन न करता पत्र कायले लिहिलं म्हणाल, तर माझ्या फोनवर बादलने पाय ठेवला. (नाल ठोकलेला पाय. दुकानदाराने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हा नेमका काय होता?")

वरातीचा आपला धंदा तुम्हाला माहीत आहेच. म्हातारी राणी घोडी आणि तिचा लेक बादल हे दोघं होतेच. त्यात दिवाळीनंतर मी पांढराशुभ्र मोती घेतला. (शीलाला विचारलं, पण घेतल्यावर. ती बराच वेळ घोड्याकडे न पाहता माझ्याकडेच पाहत राहिली.) लग्नं नसतात तेव्हा घोडं खुंट्यालाच बांधून ठेवलं तर पाय आखडतात, म्हणून घरामागच्या पडीत वावरात, तारेच्या कुंपणाआड, मी त्यांना मोकळं सोडतो. आता प्रश्न असा पडला, की नव्या मोतीला एकट्याला सोडावं की त्या दोघांत?

माझं मत एकट्याला. पांढऱ्या अंगावर एक दात उमटला की नवरदेवाकडचे तेवढाच बघतात. शेजारचे रामलालभाऊही म्हणाले, "एकलाच ठेवा जी. माणसाले शेजारी पटत नाही, घोड्याले काय पटन?" (आमचा तेव्हा दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून वाद चालू होता.) शीलाचं मत उलटं. "नवी सून आणली त तिले एकटीले कोठ्यात ठेवता का?" मी ऐकलं नाही.

एकट्याने मोती चारा-कुटाराला तोंड लावेना. कुंपणाच्या कडेने धावून धावून त्याने पायवाट पाडली. राणी-बादल नजरेआड झाले की असा खिंकाळायचा, की रामलालभाऊंच्या घरात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. (त्यांची बायको मानीबाई म्हणते, ते दिवस फार चांगले गेले.) पण भाऊ, खरं सांगतो, त्याच्या बरगड्या दिसू लागल्या तशी माझीही भूक गेली. दारव्ह्याचं लग्न तोंडावर आलेलं आणि घोडा असा, की नवरदेवानेच त्याला उचलून न्यावं.

मग मी फाटक उघडलं आणि तिघांना एकत्र सोडलं. मांडीला मांडी लावून जेवतील म्हणून मधोमध कुटाराचा एकच ढीग टाकला. राणीने कान मागे पाडले, वळली आणि लाथ झाडली. बादलने आईची बाजू घेतली. मोती कोपऱ्यात सापडला. मी हात पसरून मधे उभा राहिलो, आणि त्यानंतरचं मला आठवतं ते एवढंच, की मी बाभळीवर होतो. (बाभळीला काटे असतात हे चढताना कळत नाही. उतरताना कळतं.) फोन पडला तो तेव्हाच. मोती कुंपणावरून उडी मारून रामलालभाऊंच्या हरभऱ्यात.

रामलालभाऊ धावत आले. "श्रावणभाऊ, तुमचा घोडा माह्या हरभऱ्यात काय करून राह्यला?"

"मीबी तेच पाहून राह्यलो," मी वरून म्हणालो.

शीलाने दोरी घेतली, हरभऱ्यात गेली, मोतीच्या मानेवर हात फिरवत त्याला घरी आणलं आणि मला खाली उतरवून घेतलं. मग सगळा कारभार तिचा. आधी मधे तार ठेवून त्यांना नाकाला नाक लावू दिलं. नंतर मोतीजवळ फक्त बादल सोडला. ते दोघं रमल्यावर राणी. आणि घोडे तीन, पण कुटाराचे ढीग चार, लांब लांब. राणीने एकावरून हाकललं तर मोती दुसऱ्यावर जातो. (राणी दिवसभर चारही ढिगांवर पाहणी करत फिरते. तिचे आखडलेले पायही मोकळे झाले.) आता दुपारी मोती आणि बादल एकमेकांची मान दातांनी खाजवत उभे असतात. मी बाजेवर चहा घेऊन बघत बसतो. रामलालभाऊही येतात. धुऱ्याचं नाव निघत नाही.

अडचण एवढीच, की मोती आता एकटा कुठे जात नाही. दारव्ह्याला टेम्पोत तिघंही न्यावे लागले. नवरदेव मोतीवर, मागे दोघं रिकामे. नवरीकडचे कुजबुजले, "बापरे, तीन-तीन घोडे!" नवरदेवाच्या बापाने छाती अशी काढली, की मला खरं सांगायचा धीर झाला नाही. तेव्हापासून लोक तीन घोड्यांचीच वरात मागतात.

वहिनींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
श्रावण

ता. क. — येत्या रविवारी लाडखेडला वरात आहे. रिकामे घोडे बरे दिसत नाहीत असं त्यांचं म्हणणं. बादलवर नवरदेवाचा मामा बसतो आहे. राणीसाठी कोणीतरी भारदस्त, मिशीवाला, फेटा शोभणारा माणूस पाहिजे. साऱ्या नात्यात तुमच्याशिवाय दुसरा डोळ्यासमोर येत नाही. राणी अगदी गरीब आहे. शनिवारीच या.

आणखी ता. क. (हा माह्या हातचा, शीलाच्या) — दादा, ये, वहिनीलेबी घेऊन ये. पण राणीवर बसू नको. यायनं परवा बसून पाह्यलं. हे सारं पत्र यायनं पालथं पडून लिह्यलं हाये, आन मले म्हणते, "भाऊले सांगू नको, नाही त राणीवर कोण बसन?"