कुंडावरची भोगी

९ जानेवारी १९७४

गेले एकदाचे पाहुणे! पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि मग तेच — "रंभाताईंनी जरा चालून दाखवावं." मी दारापर्यंत गेले, परत आले. लहानपणीच्या तापानं डावा पाय आखूड राहिला, तो काय दाराशी जाऊन लांब होणारे? म्हातारा पाहुणा आढ्याकडं बघत बसला. "कळवतो," म्हणाला. कळलं!

कंटाळले बाई. संक्रांतीचे ब्लाउज तसेच पडलेत मशीनवर.

११ जानेवारी

आप्पांना काय झालंय कुणास ठाऊक! जन्मात कुठं नेलं नाही, आणि आज म्हणतात, "रविवारी समदी कुंडावर जाऊ. लांबलांबनं लोकं येत्यात रांजणखळगे बघाया, आन् आपण शिरूरात ऱ्हाऊन बघितलं न्हाई." म्हटलं, मला शिवण आहे. "शिवण काय पळून चाललंय व्हय? तुझ्यासाठीच चाललोय." आई खाली मान घालून तीळ निवडत राहिली. वहिनी हसली.

माझ्यासाठी! त्यापेक्षा दिवसभर झोपू दिलं असतं तर उपकार झाले असते.

१३ जानेवारी, भोगी

पहाटे उठून तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, भोगीची भाजी केली. डोक्यावरनं न्हाले. वहिनीनं तिची निळी साडी बळंच नेसवली — खडकात कोण बघणारे? टाकळी हाजीपर्यंत एस.टी. पुढं चालायचं, तर आप्पांनी आधीच बैलगाडी सांगून ठेवलेली! "तुला चालाया नगं." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

पण कुंड! कुकडीनं खडक नुसता कोरून ठेवलाय. रांजणच रांजण, काहींत माणूस उभा मावेल. वाकून एकात ओरडले, आवाज घुमत वर आला. मग केस उन्हात मोकळे सोडून बसून राहिले. कुणी बघत नाही, कुणी काही विचारत नाही. किती दिवसांनी!

शेजारी दौंडची माणसं बसली होती — शेवंताबाई आणि त्यांचा रेल्वेतला मुलगा सावळाराम. बाई खडक उतरायला भ्याल्या. "पोरी, हात दे गं." दिला. दोघी झोकांड्या खात पाण्यापर्यंत गेलो. "पडू दिलं न्हाईस मला," म्हणाल्या. त्यांना भाकरी-भाजी दिली. मुलानं दुसऱ्यांदा मागून घेतली. त्यांना निघायची घाई नव्हती, आप्पांनाच फार. खडक संपतो तिथंच गाडी आणून लावली आणि आधी मला बसवलं.

१४ जानेवारी

संक्रांत. पाय ठणकतोय. तिळगूळ वाटायला वहिनी एकटीच गेली.

१८ जानेवारी

आप्पा पेढे घेऊन आले. दौंडचा होकार! कसला होकार? तर कुंडावर ती माणसं मला बघायला आली होती म्हणे. घरात सगळ्यांना ठाऊक, मी सोडून. पुढच्या रविवारी सुपारी फोडायची.

भांडले खूप. पण मशीनवर बसले आणि हसूच येत राहिलं. पायासकट पसंत केलं मला कुणीतरी!

१९ जानेवारी

वहिनीला म्हटलं, माणसं मोठ्या मनाची हो, पायाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं जीभ चावली. मग म्हणाली, "अवं वन्सं, त्यास्नी दिसलाच कुठं? आप्पांचं डोकं! म्हणले, त्या खडकावर समदीच लंगडत्यात."

ब्लाउजला बाही उलटी लावली. उसवली. पुन्हा उलटीच लावली.

आप्पांना विचारलं.

"लगीन झाल्यावर कळंलच की हळूहळू."

"आन् कळल्यावर माघारी धाडलं तर?"

आप्पांनी पानाचा डबा पुढं ओढला. पान लावत बसले, चुना लावलेल्या पानाला पुन्हा चुना. रागावणार तरी कुणावर? बैलगाडी सांगताना काय काय आलं असेल त्यांच्या मनात! मी रात्रभर रडले.

२१ जानेवारी

बाजारात जाते सांगून निघाले, न्हावऱ्यावरनं दौंड गाठलं. एकटी. शेवंताबाईंचं अंगण सारवलेलं, अगदी सपाट. सावळाराम ओट्यावर. "अगंबाई, तू! ये, बस," बाई म्हणाल्या. म्हटलं, बसते, आधी बघा. आणि फाटकापासून तुळशीपर्यंत चालत गेले. परत आले. सावकाश.

कुणी 'चालून दाखव' म्हणालं नव्हतं.