अंबूची जागा

चिंचवड,
१२ फेब्रुवारी १९५८

प्रिय अंबू,

माझं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालू नकोस. आधी वाच, मग काय वाटेल ते कर.

तू गावी गेल्याला वीस दिवस झाले. आठवतं ना, बाटल्यांच्या कारखान्यात आपण आठजणी गोल बसायचो. बाटली उजेडाला धरायची, तडा दिसला की टोपलीत. तोंडानं सासरची गाऱ्हाणी चालूच, तरी तीन वर्षांत माझ्या हातून एक वाईट बाटली गेली नाही. दिवाळीनंतर तो सरकता पट्टा आला आणि आपल्याला एका रांगेत भिंतीकडे तोंड करून बसवलं. बोलायचं नाही, मान वळवायची नाही, मागे मुकादम चिमाजी घड्याळ घेऊन उभा. त्याची चाहूल लागली की मला तडा दिसायचा, पण हात उचलायचा नाही. ह्यांचं काम सुटलेलं, त्यांना काय सांगणार? तुला तेवढं सांगितलं.

म्हणूनच त्या मंगळवारी तू मला खिडकीजवळची तुझी जागा दिलीस आणि माझ्या जागेवर बसलीस. उजेडानं काही फरक पडला नाही. तडा गेलेल्या बाटल्या माझ्याच हातून गेल्या, खोक्यांवर चिठ्ठी मात्र तुझ्या जागेच्या नंबराची. माल परत आला. साहेबांनी तुला सगळ्यांदेखत विचारलं. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. "चूक झाली, साहेब," म्हणालीस आणि पदर खोचून निघून गेलीस.

त्यानंतर माझं उलटंच झालं. प्रत्येक बाटलीत तडा दिसायला लागला. चांगल्या बाटल्यांनी टोपली भरायची, चिमाजी खेकसायचा आणि मी आणखीच गांगरायची.

काल दुपारी साहेबांच्या खोलीत जाऊन खरं सांगितलं. साहेब म्हणाले, "इतके दिवस कुठं होतीस?" त्यांनी मला बाटल्या धुण्याच्या खात्यात टाकलंय. तुझं नाव हजेरीपटावर पुन्हा चढेल, पण सोमवारी सकाळी तू हजर असलीस तरच. नाहीतर दुसरी बाई घेणार. आज बुधवार. पत्र तुझ्या हाती कधी पडेल, या काळजीनं जीव टांगणीला लागलाय. मिळताच निघ. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
शालन