तीन नंबरचं खातं

जळोची, बारामती
दि. २२ नोव्हेंबर १९९९

ती. मोठ्या आईस,
दिशाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सगळे बरे आहेत. पप्पांचा खोकला उतरला. अनुपदादा तुला बघून आला, प्लास्टर अजून तीन आठवडे ठेवायचंय म्हणाला. पाय खाली सोडून बसू नकोस.

आज एक चूक कबूल करायला बसलेय. पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल. मे महिन्यात तुझा लेक, आमचा रवीदादा, आफ्रिकेतून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं आमच्या कॅफेत तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर तुझं ईमेलचं खातं उघडलं. तुला पासवर्ड लक्षात ठेवायला नको म्हणून 'मला ओळखीत ठेव' असं लिहिलेल्या चौकोनात टिचकी मारून ठेवली. मी जूनमध्ये इथं नोकरीला लागले, तेव्हापासून तीन नंबरवर बसलं की तुझं खातं आपोआप उघडायचं. मी त्याची पत्रं मराठीत उतरवून तुला धाडायची आणि तुझी उत्तरं त्याला टाइप करायची. ती साइट बघायला तीन नंबर मी दुसऱ्या कुणाला देत नव्हते. पासवर्ड मी विचारला नाही, त्यानंही सांगितला नाही.

ही आपोआप ओळख पटते ती कुकीमुळे. कुकी म्हणजे खायचं बिस्कीट नव्हे बरं का. 'हा माणूस आपला आहे, आत सोडा' अशी चिठ्ठी ती साइट कॉम्प्युटरमध्ये ठेवून जाते. गेल्या आठवड्यात बियाण्यांच्या दुकानाचे मोहनराव पाच नंबरवरून तसेच उठून गेले. मागून बसलेल्या पोरांना त्यांचं खातं उघडंच सापडलं आणि त्यांनी मोहनरावांच्या नावानं भलतंच पत्र पाठवलं. मोहनरावांनी येऊन कॅफे डोक्यावर घेतला. मालक म्हणाले, सगळ्या मशीनच्या कुकीज आत्ताच्या आत्ता पुसा. मी पाचही मशीन पुसली. तीन नंबर पुसताना हात थांबायला हवा होता, तो थांबला नाही. दिवसभर कटकट ऐकून डोकं चालेनासं झालं होतं.

आता ती साइट मला पासवर्ड विचारतेय. दादानं लिहिलं होतं की नवा कारखाना तीन वर्षांचा करार देतोय, तू 'ये' म्हणालीस तर येतो, नाहीतर सही करतो, बारा डिसेंबरच्या आत कळव. तुझं 'ये' म्हणून आलेलं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्याचा नवा ईमेलचा पत्ता त्या खात्यातच होता. उत्तराचं बटण दाबलं की पत्र आपसूक त्याला जायचं, म्हणून मी पत्ता कधी उतरवूनच घेतला नाही. जुन्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवून पाहिलं, ते परत आलं.

एकच वाट आहे. पासवर्ड विसरलेल्यासाठी दादानं स्वतः एक प्रश्न घालून ठेवलाय: 'आजी आईला काय हाक मारायची?' उत्तर बरोबर दिलं की खातं उघडतं. दिवसात तीनदाच देता येतं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. मी 'सूनबाई' घालून पाहिलं, नाही चाललं. तुझ्या आईबद्दलच विचारलं असावं. लगेच कळव.
राग काढ, पण माया राहू दे.
तुझी,
दिशा

निमगाव केतकी
दि. २६ नोव्हेंबर ९९

चि. दिशीस,
मोठ्या आईचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. चुका मानसाच्याच हातनं हुत्यात, रडत बसू नगंस. त्या मोहनरावाला म्हनावं, दुकानाला कुलूप लावून जातोस, तसंच हितं बी लाव की.

माझी आई मला ताई म्हनायची. न्हायतर बाई म्हनून बघ. न्हायच झालं तर ताईबाई. तीन झाली बघ.

किराणा दुकानात फोन करू नगंस. अख्खी आळी तितं कान लावून बसती. पत्रच बरं.

पाय ठणकतोय. पानमळ्यातल्या बाया येऊन भाकरी टाकून जात्यात. अंजली म्हनून एक पोरगी हाय, ती तुझ्यापरीस बारीक, पर तिचं लगीन ठरलं. तू त्या मशीनसंगंच संसार करनार हायस का काय, हे तुझ्या बापाला इचारनार हाय मी.
काळजी घे, इसरू नगंस.
मोठी आई,
ताईबाई

जळोची
दि. ३० नोव्हेंबर १९९९

ती. मोठ्या आईस,
स. जयभीम. लग्नाचं नंतर बघू. तिन्ही घालून पाहिली, तिन्ही चुकली. काल पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिली. मशीन लाल अक्षरात 'उत्तर चूक' म्हणतं आणि मला शाळेतल्यासारखं कानकोंडं होतं.

पुण्याहून मशीन दुरुस्तीला माणूस आला होता. पुसलेली कुकी परत आणता येईल का, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, एकदा गेली की गेली, नवी मिळते ती पासवर्ड दिल्यावरच. त्यानं सगळ्या मशीनवरच्या त्या चौकोनातल्या टिचक्या काढल्या. मालकांनी माझ्याकडून भिंतीवर पाटी लिहून घेतली, 'उठण्याआधी खात्यातून बाहेर पडा'. एक आजोबा पाटी वाचून चप्पल घालून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना आत आणून समजावताना माझा चहा गार झाला. रोज दहा जण म्हणतात, काल मला ओळखत होतं, आज का ओळखत नाही? मी सांगून सांगून दमले गं.

मोठी आई, नीट आठव. लहानपणी लाडानं काही म्हणत असतील. रविवारी तर जास्तच गर्दी, मला निमगावला यायला सुट्टी मिळत नाही. इंदापूरच्या सिद्धूमामांना विचारू का? ते तुझे सख्खे भाऊ, त्यांना आठवत असेल. बारा दिवस उरलेत.
तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
दिशा

निमगाव केतकी
दि. ४ डिसेंबर ९९

चि. दिशीस,
आशीर्वाद. सिद्धूला इचारायचं काम न्हाय. तो माझ्यापरीस ल्हान, त्याला काय ठावं. त्याच्या ट्रॅक्टरपुढं त्याला काय सुदरत बी न्हाय.

आक्का घालून बघ. सोने म्हनून बी बघ. माझ्या आईला जाऊन वीस वर्सं झाली, मी तरी कुठवर आठवू? रवीला दुसरा सवाल सुचला न्हाय व्हय? गावाचं नाव इचारायचं, बैलाचं इचारायचं. शिकलेली पोरं अन् असली आगाऊ.

आळीतली मानसं सहा तारखंसाठी मुंबईला निघाल्यात, चैत्यभूमीला. औंदा मला जाता येत न्हाय, जीव तिकडंच लागलाय. रातीला झोप येत न्हाय. रवी आला तर घराला दार उघडनारं कुनी मिळंल, एवढंच मनात येतं.
जपून ऱ्हा.
मोठी आई,
ताईबाई

जळोची
दि. ८ डिसेंबर १९९९

ती. मोठ्या आईस,
स. जयभीम. 'आक्का' नाही, 'सोने' नाही. स्पष्ट लिहिते, रागावू नकोस.

सिद्धूमामांना मी बोलावलं नव्हतं. ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला ते बारामतीला आले आणि मला भेटायला कॅफेत डोकावले. मग मला राहवलं नाही, विचारलं. त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, पोरी, ते तिचं तिलाच विचार, माझ्या तोंडातून काढू नकोस. तसेच उठून गेले. पार्टची पिशवी माझ्या टेबलावर विसरले, ती मी धावत जाऊन स्टँडवर दिली. त्यांचे डोळे ओले होते.

म्हणजे नाव आहे. तुला ते माहीत आहे. तू मला का सांगत नाहीस हे मला कळत नाही, आणि मी विचारणारही नाही. पण हे पत्र तुला दहाला मिळेल, तुझं उत्तर मला बाराला मिळालं तर मिळालं. चूक माझ्या हातून झाली हे मी विसरलेले नाही. पण आता माझ्या हातात काही नाही, सगळं तुझ्या हातात आहे.
दमलेली,
दिशा

निमगाव केतकी
दि. ११ डिसेंबर ९९

चि. दिशीस,
आशीर्वाद. सिद्धूवर चिडू नगंस. माझ्या लग्नात मीच त्याला शपथ घातली व्हती, ते नाव पुन्यांदा काढायचं न्हाय म्हनून. त्यानं आजवर पाळली.

तुझं पहिलं पत्र वाचलं तवाच मला उत्तर ठावं व्हतं. ताई, बाई, आक्का, सोने, समदं खोटं धाडलं. माझी आई मला नकोशी म्हनायची.

आमी चार बहिनी, मी चवथी. पुढं तरी पोरगा व्हावा म्हनून आजीनं हे नाव ठिवलं. अन् झाला की, सिद्धू झाला. पेढं वाटलं, मी बी खाल्लं. आईच्या मनात काय वाकडं नव्हतं. त्याच नावानं ती जेवाय बोलवायची, त्याच नावानं डोक्याला तेल लावायची. पर शाळंत गुरुजींनी हजेरीत नाव घेतलं की पोरं हसायची. म्हनून मी शाळा सोडली ती सोडलीच.

लगीन झालं तवा तुझ्या अप्पांनी इचारलं, तुला काय म्हनू? मी म्हटलं, कायबी म्हना, तेवढं नगं. त्यांनी ताईबाई ठिवलं. अक्षरं बी त्यांनीच शिकवली, चुलीपुढं बसून कोळशानं. पहिलं लिवलं ते ताईबाई. दुसरं नाव आज पहिल्यांदा हातानं लिवलं. दोन कागद फाडलं.

रवी आठ वर्सांचा व्हता तवा माझी आई शेवटच्या दुखण्यात खाटंवर व्हती. तिनं मला हाक मारली, ती त्यानं ऐकली. परत येताना एस्टीत इचारलं, आई, तुला आजी असं का म्हनती? मी म्हटलं, कुनाला सांगू नगंस. त्यानं कुनालाच सांगितलं न्हाय. तेवढं मशीनला सांगितलं. दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाय, म्हनून पक्कं कुलूप वाटलं आसंल त्याला.

माझ्या लाजंपायी लेकराचं दिस चाललंत हे रोज कळत व्हतं गं, तरी हात उठत नव्हता. घालताना बाजूला कुनी नसंल असं बघ. तोंडानं म्हनू नगंस.
ताईबाई

जळोची
दि. १६ डिसेंबर १९९९

ती. मोठ्या आईस,
स. जयभीम. तुझं पत्र चौदाला दुपारी मिळालं. कॅफेत चार माणसं होती. त्यांची वेळ संपेपर्यंत थांबले, मालक जेवायला गेल्यावर तीन नंबरवर बसले. पहिल्याच वेळी उघडलं. इतके दिवस वाटत होतं, उघडलं की मी आनंदानं ओरडेन. तसं काही झालं नाही. मी तिथंच बसून रडले.

आत दोन पत्रं होती. दोन्ही जशीच्या तशी देते, काही लपवत नाही. पाच तारखेचं: 'आई, पंधरा दिवस झाले, तुझा एक शब्द नाही. रागावलीस का? दिशी तरी कुठं आहे?' आणि तेरा तारखेचं: 'काल रात्रीपर्यंत वाट पाहिली. मी एवढी वर्षं लांब राहिलो, आता परत यायला नको असं तुझ्या मनात असेल, तर मला समजतं. सकाळी सही केली. तीन वर्षांची केली नाही, हातापाया पडून एका वर्षाची करून घेतली, म्हणजे तुझं मन बदललं तर येता येईल.'

एक दिवस उशीर झाला, मोठी आई. तुझं ड्रॉवरमधलं 'ये' मी त्याच मिनिटाला पाठवलं. खाली सांगितलं की कुकी मी पुसली, माझ्यामुळे खातं बंद पडलं. नावाचं काही लिहिलं नाही. आज त्याचं उत्तर आलं. सही मागं घेता येत नाही, पुढच्या डिसेंबरला नक्की येतो म्हणतोय. तुझं 'ये' चार वेळा वाचलं म्हणे.

या वेळी त्याचा पत्ता उतरवून घेतलाय, एक प्रत या पत्रात आहे. नवा पासवर्डही लिहिलाय, अप्पांच्या फोटोमागं ठेव. प्रश्न बदलायची सोय आहे. सोपासा ठेवू का? आवडती भाजी वगैरे? तुझ्या मनाला लागेल असं काही मला ठेवायचं नाही.
माफ कर.
तुझीच,
दिशा

निमगाव केतकी
दि. २० डिसेंबर ९९

चि. दिशीस,
अनेक आशीर्वाद. काल पायाचं प्लास्टर काढलं. काठी घेऊन दारापर्यंत जाऊन आले. माफी मागू नगंस. तुझी चूक एका सांजंची व्हती, मी पंधरा दिस गप ऱ्हायले.

रवीचं तेरा तारखेचं पत्र मी परत परत वाचलं. जन्मभर माझ्या नावाला भ्यायले, अन् माझ्याच लेकराला वाटलं की तो मला नको झालाय. हे माझ्या गळ्याखाली उतरत न्हाय, दिशे. वरीस जाईल गं, वरसाचं काय. पर हे वर्सभर त्याच्या मनात ऱ्हाता कामा नये. म्हनून आजच्या आज त्याला लिव. लिव की दिशीनं काय केलं न्हाय. सवालाचं उत्तर आईला ठावं व्हतं, ते सांगायची आईला लाज वाटली, म्हनून उशीर झाला. तू मला कवाच नको नव्हतास.

सवाल बदलू नगंस, तोच ऱ्हाऊ दे. मी नसले अन् कवा आडलंच, तर उत्तर आता तुला बी ठावं हाय.

अन् पत्राच्या खाली या खेपंला ताईबाई घालू नगंस. माझी आई मारायची तीच हाक घाल. आजूबाजूला मानसं असली तरी चालंल.

जेवनखान येळंवर कर, डोळ्याला जप.
तुझी मोठी आई